गाय लागत का नाही? : तेलाचा आणि पोटाचा हिशेब

(भंडारा येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीला वैनगंगेच्या काठची धानवाली मंडळी आहेत, आणि पवनी, उमरेड, हिंगणघाटकडून आलेली पराटी-ज्वारीवाली मंडळीही आहेत. पीक वेगळे, जमीन वेगळी. पण सकाळी चहाच्या वेळी दोन्हीकडच्या तोंडून आम्ही एकच तक्रार ऐकली. "गाय दोन वेत चांगली झाली, आता लागतच नाही." कोणी तीनदा भरवली, कोणी पाचदा. कोणाची गाय माजावरच येत नाही. एका भावाने तर खिशातून चकचकीत पुडी काढून दाखवली आणि विचारले, "ही फॅटची पुडी चारली की गाय गाभण राहते म्हणतात. खरे का?"

कापसाच्या भावावर बोलायचे ठरवून आलो होतो. ते दुपारी बोलू. आधी या पुडीचे उत्तर देऊ, कारण प्रश्न साधा दिसतो पण त्यात कास्तकाराचे भांडवल अडकले आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही शेतकीचे पदवीधर, जनावरांचे डॉक्टर नव्हे. रोगाचे निदान आम्ही करणार नाही. चाऱ्याचा आणि हिशेबाचा भाग मात्र आमचा आहे, आणि गाय न लागण्याची बरीचशी कारणे गव्हाणीतच सापडतात.

८५ दिवसांचा हिशेब

गाय साधारण २८० दिवस गाभण असते. वर्षाला एक वासरू हवे असेल तर ३६५ मधून २८० वजा करा. उरले ८५ दिवस. व्यायल्यापासून ८५ दिवसांत गाय पुन्हा लागली पाहिजे. म्हशीला ३१० दिवस लागतात, तिचे वर्षाला वासराचे गणित जमणे कठीणच. तिच्या दोन वेतांत चौदा-पंधरा महिने गेले तरी ठीक म्हणायचे.

माज येतो दर २१ दिवसांनी. एक माज चुकला की २१ दिवस गेले. तीन चुकले की दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत दूध उतरत जाते, कडबा-ढेप मात्र तेवढीच लागते. पुढचे वेत तितकेच लांबते, म्हणजे दुधाचा भर येण्याचा दिवसही लांबतो. दूध कमी मिळाले ते डोळ्यांना दिसते. चुकलेला माज कोणाच्या वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो तोटा दिसत नाही. धंदा आतबट्ट्याचा होतो तो इथे.

पूर्वी भाकड गाय बाजारात जायची, चार पैसे यायचे, त्यात भर घालून दुसरी दावणीला यायची. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होतीच, २०१५ पासून ती बैलांनाही लागू झाली. कायद्यावर कोणाचे काय मत आहे ते बाजूला ठेवा. कास्तकाराच्या दारातला परिणाम एवढाच की भाकड जनावराला गिऱ्हाईक उरले नाही. न लागलेली गाय आता विकता येत नाही आणि पोसवतही नाही. म्हणून ती लागली पाहिजे, ही आज पूर्वीपेक्षा मोठी गरज आहे.

२००६ साल आठवा. पंतप्रधानांच्या पॅकेजमधून विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत निम्म्या अनुदानावर गायी दिल्या गेल्या. भंडारा त्यात नव्हता, पण वर्धा होता. आत्महत्या होत होत्या त्या कोरडवाहू कापसाच्या गावांत जास्त दुधाची गाय पाठवली, तिने खायचे काय याचा विचार मागाहून. कुटुंब खाईल त्यापेक्षा गाय जास्त खाते म्हणून लोकांनी गायी विकल्या, अशा बातम्या त्याच वर्षी छापून आल्या. गायीचा दोष नव्हता आणि घेणाऱ्याचाही नव्हता. गाय आली, गव्हाण आलीच नाही.

पराटी पात्या का गाळते?

पराटीवाल्यांना हे लवकर समजेल. पावसाने ताण दिला की पराटी काय करते? झाड मरत नाही. आधी पात्या गाळते, मग लहान बोंडे गाळते. पाने आणि खोड शेवटपर्यंत जपते. आधी आपण जगू, लेकरांचे पुढे पाहू, असा तिचा हिशेब असतो.

गायीचाही हिशेब हाच. व्यायल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत दूध शिगेला पोचते. पण तिची भूक शिगेला पोचायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात कासेतून जाते जास्त आणि तोंडातून येते कमी. ही तूट ती अंगावरची चरबी वितळवून भरते. म्हणून व्यालेली गाय महिन्याभरात उतरलेली दिसते.

अंगातली तूट वाढली की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा इशारा मंदावतो. बीज वाढते पण फुटत नाही. गाय माजावर येत नाही, किंवा आली तरी माज मुका राहतो. पात्या गळाल्या, एवढाच त्याचा अर्थ. बोंड धरायची ताकद झाडात नसेल तर वरून कितीही फवारे मारा.

तेल नेमके काय करते

आता पुडीच्या प्रश्नाकडे येऊ. एक किलो पिष्टातून जेवढी ताकद मिळते, त्याच्या सव्वादोन पट ताकद एक किलो तेलातून मिळते. ज्या गायीची भूक अजून उघडली नाही, तिच्या थोड्या घासात जास्त ताकद घालायचा तो एक मार्ग आहे. तूट लवकर भरली तर माज लवकर येतो. हे पहिले काम.

दुसरे काम संप्रेरकाचे. बीज फुटले की त्या जागी अंडाशयावर एक पिवळी गाठ तयार होते. गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन ही गाठ बनवते, आणि ते बनते कोलेस्टेरॉलपासून. खाण्यात तेल असले की रक्तात कोलेस्टेरॉल वाढते, गाठीला कच्चा माल मिळतो. बीजाचा फोडही मोठा होतो असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

तिसरे काम बारीक आहे. गर्भ राहिल्यावर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या आसपास गर्भाने गर्भाशयाला कळवावे लागते की मी आहे. हा निरोप पोचला नाही तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडते, पिवळी गाठ विरते, आणि २१ व्या दिवशी गाय पुन्हा माजावर येते. आपण म्हणतो, उलटली. प्रत्यक्षात कितीतरी वेळा गर्भ राहिलेला असतो आणि टिकत नाही. जवसाच्या तेलात जो ओमेगा-३ नावाचा अंश असतो, तो प्रोस्टाग्लँडिन कमी करायला मदत करतो. गर्भाला निरोप द्यायला थोडी सवड मिळते.

मग तेल चारले की गाय लागलीच, असे समजायचे का? नाही. काही प्रयोगांत फायदा झाला, काहींत काहीच झाले नाही. असे अनेक प्रयोग एकत्र तपासणारा मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्याचा कौल फायद्याकडे झुकला. पण सगळ्यांत सारखा फायदा नाही, कारण तेल कोणते, किती, केव्हा आणि कोणत्या चाऱ्यावर, यावर सगळे ठरते. कित्येकदा जास्तीची ताकद गाय अंगाला न लावता दुधात ओतते, तूट तशीच राहते. औषधाच्या दुकानात या चार प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, पुडी मिळते.

आमची फजिती

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, घरच्या गोठ्यात शिकलो. आमच्याकडे एक जर्सी संकरित गाय होती. व्यायली, दूध चांगले, पण अंगाने उतरत चालली. आम्ही ठरवले, ताकद कमी पडते ना, मग तेल द्या. रोज अर्धा लिटर तेल ढेपेवर ओतू लागलो. घरच्यांनी हटकले, आम्ही पदवीच्या तोऱ्यात ऐकले नाही.

आठवडा झाला नाही तोच गायीने कडबा सोडला. शेण पातळ. संकलन केंद्रावर दूध नेले तर फॅट घसरलेली. गायीला फॅट घातली आणि दुधाची फॅट पडली. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, हे तुम्हाला सांगायला नको. तेलाचा खर्च झाला, दुधाचा भाव कापला गेला, माज आला नाही तो नाहीच. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण आम्ही अक्षरशः जगलो.

झाले काय होते? गायीचे मोठे पोट म्हणजे रांजणच. त्यात कोट्यवधी जिवाणू कडबा कुजवून त्यातून ताकद काढतात. गाय कडब्यावर जगते ती त्यांच्या जिवावर. मोकळे तेल जास्त झाले की ते चाऱ्याच्या धाग्यांवर बसते आणि हे जिवाणू मरतात. कडबा पचत नाही, पोट भरलेले राहते, भूक जाते. तेलाने दिली त्यापेक्षा जास्त ताकद कडबा न पचल्याने गेली. शिवाय तेल पोटातल्या चुनखडीला धरून तिचा साबण करते, म्हणजे कॅल्शियमही गेले.

म्हणून नियम लिहून घ्या. गाय दिवसाला जे खाते त्याच्या कोरड्या वजनात सगळे मिळून तेल सहा टक्क्यांच्या वर जाऊ नये.

एक उदाहरण करू. आठ-दहा लिटरची संकरित गाय. तिला सहा किलो कडबा, दोन किलो सरकी ढेप, एक किलो तूर चुनी आणि थोडा हिरवा चारा दिला. कोरडे वजन साधारण ९ किलो. कडब्यात तेल नगण्य, शंभर ग्रॅमच्या आत. घाणीच्या ढेपेत सहा-सात टक्के, म्हणजे दोन किलोत सव्वाशे ग्रॅमच्या वर. चुनी आणि हिरवा चारा मिळून पन्नास. एकूण पावणेतीनशे ग्रॅम, म्हणजे तीन टक्के. सहा टक्के म्हणजे ५४० ग्रॅम. वर घालायला जागा उरली जेमतेम अडीचशे ग्रॅमची. आम्ही एकाच दमात अर्धा लिटर ओतत होतो.

तेल आपल्याच शेतात आहे

हे अडीचशे ग्रॅम कुठून आणायचे? बाजारात जायच्या आधी आपली शेते पाहा.

सरकी. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते आणि ६४ किलोच्या आसपास सरकी. या सरकीत अठरा ते वीस टक्के तेल आहे. आपण कापूस विकतो तेव्हा ती सरकी जिनिंगवाल्याला जाते. तेल निघून जाते, आणि ढेप पोत्यात बसून आपल्याच गावात भाव लावून परत येते. सरकी ढेपेचा वायदा देशभर अकोल्याच्या नावाने चालतो. नाव आपल्या मुलखाचे, भाव ठरवणारे दुसरे.

सरकी अख्खी चारली तर तेल कवचात बंद असते, पोटात हळूहळू सुटते, जिवाणूंवर एकदम आदळत नाही. वर प्रथिने मिळतात. दिवसाला एक किलो सरकी म्हणजे पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम तेल. आपल्या उदाहरणातल्या गायीला एवढे पुरे. पाव किलोपासून सुरू करा, पंधरा दिवसांत किलोवर न्या.

पण सरकीला चार बंधने आहेत, ती विसरू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. मोठ्या गायीचे पोट ते मारते, लहान वासराचे मारत नाही. वासराला सरकी देऊ नका. वळूला आणि बोकडाला देऊ नका, कारण गॉसिपॉलने नराचे बीज बिघडते. १९७० च्या दशकात चीनने पुरुषांच्या संततिनियमनाची गोळी म्हणून त्याचे प्रयोग केले होते, यावरून समजा. बुरशी लागलेली, गरम झालेली सरकी टाकून द्या, तिचे विष दुधात उतरते. आणि पेरणीचे उरलेले रंगीत, औषध लावलेले बियाणे जनावराच्या वाऱ्यालाही ठेवू नका.

जवस. भंडाऱ्याच्या मंडळींनो, हे तुमचे धन. धान उभे असतानाच बांधीत जवस, लाखोळी फेकायची ही तुमची जुनी रीत. नांगरट नाही, पाणी नाही, ओलीवर पीक येते. जवसात सदतीस-अडतीस टक्क्यांपर्यंत तेल, आणि त्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ चा. पोटातले जिवाणू त्यातला बराच मोडून टाकतात, थोडाच पुढे जातो. म्हणून चमत्काराची आशा नको. तरी व्यालेल्या गायीला जवस देणारी आपली आजी अडाणी नव्हती. पाव किलो जवस भरडून द्या. अख्खा दाणा शेणातून तसाच बाहेर पडतो. कोमट पाण्यात भिजवून ठेवू नका, त्यात विषारी अंश सुटतो. द्यायचा तर कोरडा भरडून किंवा चांगला उकळून. आणि सरकी किलोभर देत असाल तर जवस त्याच अडीचशे ग्रॅमच्या हिशेबात धरा, वरून नव्हे.

कोंडा. तुमसरपासून साकोलीपर्यंत भातगिरण्या आहेत. तांदूळ पॉलिश करताना निघणाऱ्या चांगल्या कोंड्यात पंधरा टक्क्यांच्या वर तेल असते. पण गिरणीतून निघाल्यावर थोड्याच दिवसांत ते खवट होते. ताजा आणा, आठवड्यात संपवा. वास कडवट आला तर घेऊ नका. तूस मिसळलेला कोंडा आणि तेल काढून घेतलेला कोंडा पोत्यात सारखाच दिसतो, पण त्यात तेल शोधून सापडत नाही. ढेपेचेही तेच. घाणीची ढेप आणि रसायनाने तेल ओढलेली ढेप यांत पाच-सहा टक्क्यांचा फरक असतो. दुकानदाराला विचारा, पोत्यावरचा स्निग्ध पदार्थाचा आकडा वाचा. पैसे मोजतो तर विचारायची लाज कसली?

पराटीवाल्याकडे सरकी, धानवाल्याकडे जवस आणि कोंडा. मध्ये फक्त वैनगंगा आहे. दोन गावांनी मिळून एक गाडी भरली तर दोघांची गव्हाण भरते.

आणि पुडी?

पुडीतली फॅट खोटी नाही. ताडतेलाला चुन्यात बांधून केलेली असते. मोठ्या पोटात ती सुटत नाही, पुढे जाऊन पचते, त्यामुळे जिवाणूंना धोका नाही. पंधरा-वीस लिटरच्या गायीला, व्यायच्या दहा दिवस आधीपासून पुढे तीन महिने, रोज शंभर ते दोनशे ग्रॅम दिली तर उपयोग होतो. पण आपल्यातल्या कितीजणांच्या दावणीला वीस लिटरची गाय आहे? पाच लिटरच्या गायीला ती पुडी म्हणजे तट्टूला रेशमी झूल. ताड पिकतो मलेशिया-इंडोनेशियात, आणि सरकी आपल्या अंगणात. आधी अंगणातले वापरून पाहा.

आधी पोट, मग तेल

आता सगळ्यांत महत्त्वाचे. ज्या गायीच्या गव्हाणीत नुसते तणस आहे, तिला कोणतेही तेल लागू पडणार नाही. तणसात आणि कडब्यात प्रथिने तीन-चार टक्केच. तेवढ्यावर पोटातले जिवाणूच उपाशी असतात, त्यांच्यावर तेल ओतणे म्हणजे उपाशी माणसाला जुलाब देणे.

ज्वारी गेली तशी गव्हाण गेली, हे आपण मान्य केले पाहिजे. ज्वारीला भाव नव्हता म्हणून आपण सोयाबीन आणि पराटी धरली, आणि कडबा गेला. सोयाबीनच्या कुटाराने कडब्याची जागा भरत नाही. ज्याला दोन गायी आहेत त्याने एकरभर तरी ज्वारी घरच्या कडब्यासाठी ठेवावी. ज्वारीच्या भावाकडे पाहताना कडब्याची किंमतही त्यात धरा, मग एकराचा हिशेब बदलतो.

कडबा, तणस कुट्टी करून द्या. शंभर किलो तणसाला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा, दाबून ताडपत्रीखाली २१ दिवस बंद ठेवा, मग तास-दोन तास हवा देऊन चारा. पचनही वाढते, प्रथिनेही. माप चुकवू नका, जास्त युरिया विष आहे. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हे देऊ नका. रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, थोडे मीठ आणि भरपूर पाणी. तेल दिले की खनिज चुकवायचे नाही, कारण आधी सांगितले, तेल कॅल्शियम धरते.

व्यायच्या वेळी गाय हाडाडी नको आणि तुपाळही नको. बरगडीवर हात दाबला की हाड लागावे, पण लांबून मोजता येऊ नये. फार माजलेली गाय व्यायल्यावर खाणे टाकते, वार अडकते, आणि तीही लागत नाही.

आणि हे सगळे करून गाय वेळेवर तीनदा भरवली तरी उलटली, किंवा स्राव काचेसारखा स्वच्छ न येता पुवासारखा आला, तर तेल, ढेप सगळे बाजूला ठेवा आणि डॉक्टरला हात घालून तपासायला सांगा. गर्भाशयातला रोग गव्हाणीतून बरा होत नाही.

वही ठेवा

शेवटी एक काम सांगतो. पैसे लागत नाहीत. गोठ्यात खिळ्याला एक वही टांगा. गाय व्यायली ती तारीख, माज दिसला ती तारीख आणि वेळ, भरवली ती तारीख. संध्याकाळी माजावर आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवा, सकाळी आली तर संध्याकाळी. व्यायल्यापासून ८५ वा दिवस वहीत लाल शाईने आधीच लिहून ठेवा. पहाटे आणि रात्री निजायच्या आधी गोठ्यात एक चक्कर टाका. बहुतेक घरांत हे काम मायबहिणीच करतात, म्हणून वही त्यांच्या हाती द्या आणि भरवायचे की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या. माज आधी त्यांना दिसतो, डॉक्टरला फोन मात्र गडी घरी आल्यावर होतो. तोवर वेळ निघून गेलेली असते.

पुढच्या बैठकीला येताना ती वही घेऊन या. एका गावच्या वीस गायी, त्यांचे माज, त्यांची ढेप आणि त्यांचे दूध एका जागी मांडले, की एक लिटर दुधाला आपला खर्च किती येतो ते आपल्याच अक्षरात सिद्ध होईल. दुधाच्या भावासाठी भांडायला जाताना तो कागद हातात असला पाहिजे. चुकलेल्या माजाचा खर्च आजवर कोणत्याही सरकारी हिशेबात धरलेला आम्ही पाहिला नाही. तो आपणच आधी लिहून काढू.

पुडीवाल्या भावाला आमचे उत्तर एवढेच. पुडी परत खिशात ठेवा. आज घरी गेल्यावर गव्हाणीत हात घालून पाहा तिथे काय आहे, आणि गाय व्यायली ती तारीख आठवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.